वर्गाची हजेरी पुन्हा घेताना: तीस वर्षांनंतर कॉलेजच्या सोबत्यांची खबरबात कशी जमवावी

आमच्या बी.ए. भाग 3 च्या वर्गात 64 नावं होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका कॉलेजातून 1993 साली आम्ही बाहेर पडलो आणि पांगलो. तीस वर्षांनी एकाने व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तेव्हा त्यात 22 जण जमले. चौदा नोकरदार, पाच दुकानदार-ठेकेदार, दोन पुढारी आणि एक मी. बाया माझ्यासकट तिघी. कास्तकार एकही नाही. ज्या वर्गातली निम्मी पोरं वावरातून थेट तासाला यायची, त्या वर्गाच्या ग्रुपवर कास्तकार नाही! उरलेले 42 कुठे आहेत हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कोणी विचारतही नव्हतं.

मी खेड्यातल्या शाखा डाकघरात डाकपाल आहे. पत्त्यावर माणूस सापडत नाही तेव्हा काय करायचं, हे माझं रोजचंच काम. म्हणून हे अंगावर घेतलं. पावणेदोन वर्षं लागली. शेवटी 72 पानांची एक पुस्तिका निघाली, दर नावाला एक पान. 51 जण बोलले, सहा जण गेलेले निघाले, सात सापडले नाहीत. आपल्या वर्गाचं असं काही करावं असं कोणाच्या मनात असेल, तर मी काय केलं आणि कुठे आपटले ते क्रमानं सांगते. वर्गसोबत्यांची नावं इथे देत नाही, रोल नंबरच देते.

आधी कागद, मग आठवण

पहिली चूक सगळे हीच करतात: चारजण चहाला बसतात आणि आठवून यादी करतात. आठवून केलेल्या यादीत बोलके, देखणे, भांडखोर आणि पहिल्या बाकावरचे येतात. मागच्या बाकावर तीन वर्षं गुपचूप बसलेला माणूस तिथेच गळतो. म्हणून यादी कागदावरूनच घ्या. कॉलेजच्या ऑफिसात प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या आणि जनरल रजिस्टर पाहू द्या म्हणा. त्यात पूर्ण नाव, गाव आणि टी.सी. नेल्याची तारीख असते. फोन नंबर, जन्मतारखा मागू नका. कोणी देणार नाही आणि देऊही नये. नाव आणि गाव एवढंच पुरतं. मोठे बाबू कुरकुरतील. उन्हाळ्यात प्रवेश सुरू व्हायच्या आधी गेलात तर कमी कुरकुरतील.

रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं असेल तर विद्यापीठाच्या निकालाचे कागद राहतात. पण विद्यापीठ कोणतं ते पाहून घ्या. अमरावती विद्यापीठ 1983 चं. त्याआधी पास झालेल्यांचे पश्चिम विदर्भातले निकालही नागपूर विद्यापीठाचेच. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कॉलेजांवर आज गोंडवाना विद्यापीठाची पाटी आहे, पण ते 2011 चं. त्याआधीचं सगळं नागपूरचं.

यादी हातात आली की मग आठवणीला कामाला लावा. तिला नावं विचारू नका, वाट विचारा. कोण कोणत्या वाटेनं कॉलेजात यायचं? आमच्याकडे चार वाटा होत्या. कारंजाकडून शकुंतलेनं, म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेनं येणारे, एसटीच्या पासवाले, खोली करून राहणारे आणि गावातलेच. शकुंतला तेव्हा वाफेच्या इंजिनावर चालायची, डिझेलचं इंजिन लागलं 1994 साली. म्हणजे आमच्या पोरांच्या सदऱ्यावर कोळशाची भुकटी असायचीच. एका शकुंतलावाल्याला विचारलं तर त्याला डब्यातले सात जण आठवले, कोण कुठे बसायचं त्यासकट. त्यातल्या तिघांची गावं रजिस्टरात चुकीची लिहिलेली होती, ती त्यानं दुरुस्त करून दिली. वर्गात शेजारी कोण बसायचं ते माणूस विसरतो, पण प्रवासातला सोबती लक्षात राहतो.

या कामाला एक वही करा. मोबाइलमधली यादी चालत नाही, कारण ती दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. रकाने असे पाडा: रोल नंबर, तेव्हाचं नाव, आताचं नाव, तेव्हाचं गाव, कोणाकडून पत्ता लागला, कधी बोलणं झालं, आणि शेवटचा रकाना "काय छापू नये". हा शेवटचा रकाना मी सुरुवातीला पाडलाच नव्हता. तो पाडायला लागला तेव्हा त्यामागे एक भांडण होतं.

माणूस शोधायचा तर गावावरून

नाव घेऊन इंटरनेटवर शोधायला बसाल तर त्याच नावाचे तीनशे निघतील. आपल्याकडे माणूस गावावरून सापडतो आणि बापाच्या नावावरून ओळखतात. त्या गावात फोन करायला कोण आहे ते पाहा: किराणा दुकान, पोलीस पाटील, आशाताई, शाळेचे मास्तर. "अमुकचा पोरगा, 93 ला कॉलेजात होता, तो" असं म्हटलं की पाच मिनिटांत पत्ता लागतो. फोन नंबर त्यांच्याकडून घ्यायचा नाही. आपला द्यायचा आणि निरोप ठेवायचा. दहातले सहा स्वतःच फोन करतात. उरलेल्यांसाठी पुढच्या महिन्यात पुन्हा निरोप.

जुन्या पत्त्यातले जिल्हे आता बदललेत, ते ध्यानात ठेवा. रजिस्टरात मानोरा, मंगरूळपीर, कारंजा यांच्यापुढे "जि. अकोला" असेल, 1998 पासून ते वाशीम आहे. "जि. भंडारा" लिहिलेली अर्धी गावं 1999 पासून गोंदियात गेली. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची तर जागाच बदलली. तिथे जुनं नाव पुनर्वसनाच्या वस्तीला लागलं असेल, तरी घरं त्याच ओळीत असतील असं धरू नका.

पोस्टात आहे म्हणून मी कोणाचा पत्ता काढून दिला नाही, तसं करता येत नाही. पण पत्र तर कोणीही टाकू शकतं. लहान गावात पूर्ण नाव, बापाचं नाव, मुक्काम-पोस्ट आणि पिनकोड एवढ्यावर पत्र बरोबर पोचतं. विदर्भाचा पिन 44 पासून सुरू होतो, पुढचे चार आकडे शोधून नीट घाला. मी पाकिटात माझा पत्ता लिहिलेलं कोरं पोस्टकार्ड घालून द्यायची. 19 पत्रं टाकली, 11 कार्डं परत आली. व्हॉट्सॲपवर एवढ्या टक्क्यानं कोणी उत्तर देत नाही. एका कार्डावर फक्त सही आणि मोबाइल नंबर होता, दुसरं अक्षर नाही. मला तेवढंच हवं होतं.

मतदार यादीही कामाला येते. गावाच्या भागाप्रमाणे ती पाहता येते, आणि त्यात बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. माणूस अजून त्याच गावात आहे की नाही एवढं तिच्यावरून कळतं. त्यापुढे तिचा उपयोग नाही.

मुलींचा शोध हे वेगळंच काम

आमच्या वर्गात मुली 19. लग्नात आडनाव तर बदललंच, पण आपल्याकडे पुष्कळींचं पहिलं नावही बदललं. रजिस्टरातल्या नावानं ती जगात कुठेच नाही. सासरच्या गावात ते नाव कोणी ऐकलेलं नाही. म्हणून तिच्याकडे जायची वाट माहेरातूनच जाते.

माहेरी फोन उचलतो भाऊ, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो "कायले?" तो बरोबरच आहे. तीस वर्षांनी बहिणीचा पत्ता विचारणाऱ्याला त्यानं दुसरं काय विचारावं? म्हणून हे काम वर्गातल्या बाईनंच करावं. पुरुषांनी या यादीला हात लावू नये. दुपारी दोन ते चारच्या मधे फोन करावा, पहिल्या वाक्यात स्वतःचं माहेरचं नाव आणि गाव सांगावं, आणि भावाशी नाही तर वहिनीशी बोलावं. वहिनीला नणंदेचा नंबर पाठ असतो. भाऊबीजेचा आठवडा सगळ्यात चांगला, कारण ती तेव्हा माहेरीच सापडते. महालक्ष्म्यांच्या दिवसांत अजिबात नको. तेव्हा प्रत्येक सून सासरी सोळा भाज्यांत अडकलेली असते.

रोल नंबर 52 चा नंबर मला असाच वहिनीकडून मिळाला. मी लावला, तर एका तरुण पोरानं उचलला. मी कॉलेजातलं नाव घेऊन विचारलं. तो म्हणाला, "इथं अशा नावाचं कोणी नाही, मावशी," आणि ठेवला. संध्याकाळी त्याच नंबरावरून फोन आला. "अवं, मीच हाव. पोराले ते नाव माईतच नाही." मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललोच नाही. मागे कुकरची शिटी झाली, तेव्हा ती म्हणाली, "थांब, गॅस बंद करतो."

त्यानंतर मी प्रत्येकीला विचारायला लागले: पानावर कोणतं नाव आधी टाकू? काहींनी दोन्ही टाका म्हटलं. एकीनं सांगितलं, फक्त माहेरचं टाका, गावाचं नाव देऊ नका. दिलं नाही. असं कारण विचारायचं नसतं.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल आताच सांगून टाकते. ग्रुपमध्ये टाकलं की सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. त्यामुळे न विचारता कोणालाही, विशेषतः बायांना, ग्रुपमध्ये घालू नका. आमच्या एका हौशी गड्यानं पाच जणींना घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकीला चेन मार्केटिंगच्या चूर्णाचे फोटो येऊ लागले, पाठवणारा आपलाच वर्गमित्र. भांडण झालं ते हेच. निरोप द्यायला ब्रॉडकास्ट यादी करा. तीत एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. मात्र ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो निरोप पोचतो, म्हणून पहिल्या फोनमध्येच "माझा नंबर सेव्ह कर बरं" म्हणून सांगा.

काय विचारायचं

इथे मी सगळ्यात मोठी माती खाल्ली, म्हणून इथे जास्त वेळ घेते.

सुरुवातीला मी एक फॉर्म केला होता. हुद्दा, शिक्षण, मिळालेले पुरस्कार, मुलं काय करतात, सध्याचा पत्ता. फॉर्म सगळ्यांना पाठवला. भरून आले 17. सगळे हुद्देवाले. रोल नंबर 3 मोठा अधिकारी आहे. त्यानं दोन पानांची जंत्री पाठवली, खाली चार फोटो, चारही फोटोंत हार. कास्तकारांपैकी एकानंही फॉर्म भरला नाही. मी रोल नंबर 17 ला फोन करून विचारलं. तो म्हणाला:

"आपल्यापाशी काय हाय लिहाले? वावर हाय. बैल होते, आता नाहीत. तुमी त्या मास्तर लोकाईचं छापा."

दोन दिवस हे डोक्यात घोळलं. माझा फॉर्मच असा होता की नोकरी नसलेल्या माणसाला त्यात भरायला एकही रकाना नव्हता. पुरस्कार: निरंक. हुद्दा: निरंक. घर सांभाळणारी बाई काय लिहील? "गृहिणी," आणि पुढे कोरं. आपणच विचारताना त्यांना कोरं करून टाकतो आणि वर म्हणतो, लोक प्रतिसाद देत नाहीत.

मी फॉर्म फेकला आणि एकच प्रश्न ठेवला: आज सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत काय काय केलं? रोल नंबर 17 ला पुन्हा फोन लावला. त्याचं पान मी जसं छापलं तसं देते (लाइन म्हणजे शेतपंपाची वीज, डीपी म्हणजे तिचा ट्रान्सफॉर्मर):

"या हप्त्यात रातची लाइन हाय. बारा वाजता मोटर चालू केली, हरभऱ्याले पाणी देल्लं. डुकराईचा तरास हाय म्हणून कुत्रं संग असते. चार वाजता डीपीवरचा फ्यूज गेला. वायरमन म्हणे सकाळी पाहू. मंग मचाणावर पडलो, झोप काही आली नाही. सात वाजता घरी. नातीले शाळेच्या ऑटोत बसोलं. तिचे इंग्लिशचे स्पेलिंग मीच पाठ करून घेतो. मी इंग्लिशमंदी दोन खेपा नापास झालो होतो, आठवते का?"

पुस्तिका निघाल्यावर सगळ्यात जास्त फोन या पानाला आले. रोल नंबर 3 लाही मी तोच प्रश्न विचारला. तुझं दोन पानांचं ठेवता येत नाही, सगळ्यांना एकच पान आहे, असं स्पष्ट सांगून. तो रागावला. आठ दिवसांनी त्यानं पाठवलं की बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आहे, सकाळी तो स्वतः चहा करतो, दोन कप करायची सवय जात नाही, दुसरा कप ड्रायव्हरला देतो. हार घातलेले चारही फोटो त्यानं स्वतःच काढून घ्यायला लावले.

या प्रश्नानंतर आणखी तीन विचारायचे, तेही माणूस बोलता असेल तर. घरापासून लांब शेवटचं कुठे गेला होता आणि कशाला? (आमच्याकडे निम्म्यांचं उत्तर दवाखाना: सेवाग्राम, नाहीतर नागपूर.) कॉलेजातलं काय अजून कामाला येतं? आणि वर्गातल्या कोणाची खबर तुला हवी आहे? हा चौथा फार कामाचा. त्यानं पुढचा माणूस सापडतो, आणि तुम्हाला पुढच्या फोनचं निमित्त मिळतं: "अगं, अमकी तुझी आठवण काढत होती."

लग्न आणि मूलबाळ यांविषयी आपण होऊन विचारू नका. ज्याला सांगायचं तो सांगतोच. लग्न न झालेले दोघे, नवऱ्याला सोडून आलेली एक आणि मूल गेलेली एक, हे सगळे आमच्या वर्गात आहेत. जुन्या फॉर्मनं या चौघांना दार लावलं होतं.

केव्हा आणि कसं बोलायचं

जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, दिवाळीपासून कापसाची वेचणी, मग तूर. या दिवसांत कास्तकाराला फोन केला तर तो "हो हो" म्हणून ठेवतो. बरे दिवस म्हणजे जानेवारीच्या शेवटापासून होळीपर्यंत. त्यानंतर लग्नसराई सुरू होते आणि कोणी घरी सापडत नाही. रात्रीची लाइन असेल त्या आठवड्यात माणूस दुपारी झोपलेला असतो, त्याला अकराला उठवू नका. लाइन दिवसाची की रात्रीची हे आधी विचारून घ्यावं. एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की ही बाई आपल्यातली आहे.

लिहायला सांगू नका. तीस वर्षं ज्यानं हिशेबापलीकडे काही लिहिलं नाही त्याला लिहायला लावणं म्हणजे पुन्हा परीक्षेला बसवणं. फोनवर बोलू द्या, नाहीतर व्हॉइस नोट मागा. रेकॉर्ड करत असाल तर आधी सांगा. मग ऐकून तुम्हीच उतरवा, आणि त्याची बोली सरळ करायला जाऊ नका. "मले" चं "मला" केलं की पान दुसऱ्याच माणसाचं होतं. मात्र ज्याला शुद्ध लिहिलेलं हवं असेल त्याचं शुद्ध करा; एका मास्तरांनी तसा आग्रह धरला, त्यांचं ऐकलं.

उतरवल्यावर ते पान त्याला फोनवर वाचून दाखवा. हे न चुकता करा, 51 जणांना 51 फोन. ऐकताना माणूस म्हणतो, "ते भावाच्या वाटणीचं काढून टाक," आणि बरं झालं वाचलं असं होतं.

जे गेले त्यांचं पान

"तो गेला म्हणे" यावर कधी विसंबू नका. रोल नंबर 9 गेल्याचं मला तीन जणांनी सांगितलं होतं. घरच्यांशी बोलावं म्हणून फोन लावला तर उचलणारा तोच. "मी नाही गेलो बाई, चुलतभाऊ गेला. आजोबाचं नाव दोघाइले ठेवलं होतं." घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय काळी चौकट टाकायची नाही, हे मी तिथे शिकले.

रोल नंबर 31 नं 2006 साली स्वतःला संपवलं. त्याच्या घरी मी फोन केला नाही, बसनं गेले. मी दारात नाव-गाव सांगायच्या आत त्याची बायको म्हणाली, "प्रकरणाचं विचारत असान त आमचं अपात्र झालं." शेतकरी आत्महत्येत सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे समिती ठरवते, दाराशी वही घेऊन आलेला माणूस तिच्या लेखी त्याच खात्यातला. तेव्हा असं कुठे जाल तर वही पिशवीत ठेवून जा, आणि पहिल्यांदा हे सांगा की मी कोणत्याही ऑफिसातून आले नाही, आम्ही एका वर्गात होतो. मी सांगितलं. तिनं पाणी दिलं. थोड्या वेळानं आतून एक रजिस्टर आणलं. पुढच्या बाजूनं त्याच्या इतिहासाच्या नोट्स, आमच्या सरांनी सांगितलेल्या, ठळक मथळ्याखाली दोन-दोन रेघा. उलटं धरलं की मागून कापसाचे हिशेब: क्विंटल, भाव, गाडीभाडं, चुकारा कधी मिळाला. दोन्ही बाजूंनी येत येत मधे चार पानं कोरी राहिली होती.

तिच्या परवानगीनं नोट्सचं एक पान आणि हिशेबाचं एक पान यांचा फोटो घेतला, आणि त्याच्या पानावर तोच छापला. खाली नाव, गाव, साल. कशानं गेला ते छापायचं नाही, हा नियम सहाही जणांना लावला, हार्ट अटॅकवाल्यांनासुद्धा. एकाला लावून दुसऱ्याला सोडला तर न छापलेलंच जास्त मोठं दिसतं.

छपाई, पैसा आणि वाटप

मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करा. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे जुने फॉन्ट असतात, त्यात युनिकोड मजकूर टाकला की जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. त्याला आधीच विचारा, आणि पहिलं एकच पान छापून पाहा. अक्षर 14 च्या खाली नको, आपण सगळे आता चाळिशीचा चष्मा लावतो. ए-फोर कागद मधोमध दुमडून पुस्तिका करायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात. 64 पानं खबरबातीची आणि आठ इतर, म्हणून 72, म्हणजे 18 कागद. एवढे कागद मधल्या पिनेत बसतात, त्याहून जाड झालं तर चिकटवून बांधावं लागतं. क्रम रोल नंबरचाच ठेवा. हुद्द्याचा नको आणि वर्गणीचा तर नकोच. जुना ग्रुप फोटो काचेतून काढून, सावलीत, फ्लॅशशिवाय मोबाइलवर घ्या.

आमच्या 90 प्रतींना एका प्रतीमागे साधारण 80 रुपये पडले. दोन पुढाऱ्यांपैकी एकजण सगळा खर्च उचलायला तयार होता, मागच्या कव्हरावर त्याचा फोटो छापण्याच्या बोलीवर. नाही म्हटलं. ज्याला जमेल त्यानं 150 द्यावे, न देणाऱ्याचं नाव कुठे येणार नाही, असं ठरवलं. पैसे पुरले, 340 रुपये उरले, हिशेब शेवटच्या पानावर आहे. फोन नंबर एकाचाही छापला नाही. कोणाला कोणाचा हवा असेल तर मी आधी दुसऱ्या बाजूला विचारते आणि मग देते.

भेटीचा कार्यक्रम करायचाच असेल तर तो सकाळी अकराला सुरू होऊन तीनला संपावा. बायांना संध्याकाळच्या आत घर गाठायचं असतं, आणि खेड्याकडची शेवटची एसटी कोणासाठी थांबत नाही. 2023 पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा झाला. 19 पैकी 12 जणी आल्या. आम्ही एकाच्या वावरात रोडगे आणि वांग्याची भाजी केली. सत्कार, शाल-नारळ, मनोगत काहीही ठेवलं नाही. तरी एकानं माइक आणलाच होता. तो डीपी बंद असल्यानं चालला नाही.

जे आले नाहीत त्यांची प्रत पोस्टानं पाठवा. नुसती कोणाच्या हाती दिली तर ती त्याच्या गाडीच्या डिक्कीत पडून राहते.

सापडले नाहीत त्यांचीही पानं सोडा. मी सातही पानं कोरी छापली: वर रोल नंबर, नाव, गाव, आणि खाली माझा पत्ता. दोन प्रती बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर ठेवल्या, एक कॉलेजच्या वाचनालयात. सात महिन्यांनी सुरतेहून एक पोस्टकार्ड आलं. टपरीवर चहा प्यायलेल्या एका कंडक्टरनं कोणाला तरी सांगितलं, त्यानं साडूला, साडूनं त्याला. कार्डावर खुशाली वगैरे काही नव्हती. लिहिलं होतं: "माझा रोल नंबर 41 छापला आहे, तो 42 होता."

मी रजिस्टरची झेरॉक्स काढून पाहिली. 42 च होता. उतरवताना त्या दोन ओळी मीच अदलाबदल केल्या होत्या. उतरवून घेताना ओळीखाली पट्टी धरा. 42 म्हणून जिचं पान मी छापलं होतं, तिला फोन केला आणि माफी मागितली. ती म्हणाली, "पाह्यलं होतं मी. म्हटलं, राहू दे."